पहिलं पाऊल कुणाचं?

"नदीकाठच्या नावाड्यांनी पुनवेच्या आत गाव सोडावं! ही भूमी मुळात महाराजांच्या पूर्वजांची आहे. नावाडी उपरे आहेत हो!"

कुंभेरीत दवंडी पिटली गेली आणि नावाड्यांच्या वस्तीत चुली पेटेनात.

झालं होतं असं. राजा रणमल्लाला आपलं घराणं सगळ्यांत जुनं ठरवायचं होतं. त्याच्या हुकमावरून दरबारातल्या धुंडिराजशास्त्र्यांनी काठावरची टेकडी खणायला घेतली. खाली एक दगडी चौथरा लागला. "महाराज, आपल्या मूळपुरुषाचं सिंहासन!" शास्त्री गरजले. फुटका रांजण निघाला, तो राजघराण्याचा जलकुंभ ठरला. मग मासे धरायचा गळ निघाला. शास्त्र्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ते म्हणाले, "मूळपुरुषाच्या कानातला डूल!"

म्हातारा सिदबा नावाडी होडीला मिठी मारून बसला. त्याची मुलगी भिवरा मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली.

"महाराज, आम्ही जायचं कुठं? आमचे आजे-पणजे इथंच जन्मले."

"पुरावा?" राजा म्हणाला. "माझ्या मूळपुरुषाच्या आधी तुम्ही इथं होतात, हे उद्या सकाळी दाखव. पण टेकडीला हात लावायचा नाही!"

दरबार फिदीफिदी हसला. न खणता जमिनीतला पुरावा आणायचा!

सकाळी भिवरा आली ती रिकाम्या हातांनी.

"काय गं, पुरावा कुठंय?"

"शास्त्रीबुवांच्या तोंडात, महाराज! बुवा, मूळपुरुष इथंच जमिनीतून उगवले का हो?"

"उगवायला ते काय भाजी आहेत?" शास्त्री भडकले. "सूर्यदेशातून आले ते! ही अथांग नदी ओलांडून!"

"पोहत?"

"जीभ आवर! राजे कधी पोहतात? होडीतून आले. पायाला पाण्याचा थेंब लागला नाही!"

"मग होडी काठाला लागल्यावर दोर कुणी ओढला?"

दरबारात चुळबुळ सुरू झाली. होडीतून नदी तर सगळ्यांनीच ओलांडली होती; दोर कोण ओढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"महाराज," भिवरा म्हणाली, "आधी नावाडी खाली उडी मारतो. चिखलात पाय रोवून होडी ओढतो. मग राजेसाहेब कोरड्या पायांनी उतरतात. म्हणजे या मातीत पहिलं पाऊल आमचं, दुसरं तुमचं!"

राजाच्या भुवया चढल्या.

"पण घाबरू नका, महाराज. एका पावलाचाच तर फरक! तेवढ्यासाठी आम्ही काही तुम्हाला गाव सोडायला सांगणार नाही!"

राजा असा खो खो हसला की डोक्यावरचा मुकुट कानावर आला!

"माझ्याच गावात मला राहू देतेस होय गं!" डोळे पुसत तो म्हणाला. "दवंडी रद्द!"

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. नदीकाठची सगळी जागा नावाड्यांच्या नावे करून दिली. आणि धुंडिराजशास्त्र्यांना टेकडीवरचा खड्डा बुजवायला पाठवलं, तेही स्वतःच्या डोक्यावर मातीची पाटी घेऊन!