सात उमेदवार आणि तीन विडे

एका डोंगरी राज्यात एक मोठा तलाव होता, आणि त्या तलावाच्या नावाने दरबारात सात बैठका, म्हणजे बसायच्या मानाच्या जागा, राखून ठेवलेल्या होत्या.

राज्याचे नाव करंजखोरे. तिथल्या दरबाराच्या दोन सभा होत्या. धाकट्या सभेत गावांनी निवडून दिलेली माणसे बसत. थोरल्या सभेत जुन्या घराण्यांचे वारस बसत. फार पूर्वी सात घराण्यांनी दोन डोंगरांमधली खिंड माती आणि दगडांनी अडवून तो तलाव बांधला होता. तेव्हाचा राजा त्यांना म्हणाला होता, "पाणी तुम्ही अडवलंत. ते कधी राखायचं आणि कधी सोडायचं, हे सांगायला तुम्हीच थोरल्या सभेत बसा."

ते दिवस खरोखर चांगले होते. दर पंधरवड्याला त्या बैठकांवरचे सातही मानकरी बांधाच्या पायथ्याने अनवाणी चालत. बांध कुठे झिरपू लागला तर ती ओल डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला कळते. कुठे पाय गार पडला की मानकरी तिथेच थांबे आणि खुणेची काठी रोवी. दुसऱ्या दिवशी तिथे टोपल्यांनी चिकणमाती पडे. दुपारी बायका भाकरी घेऊन येत. मानकऱ्याची भाकरी आणि बेलदाराची भाकरी एकाच फडक्यातून सुटे. संध्याकाळी सगळे बांधावर टेकत. खालच्या सात गावांमधून चुलींचा धूर वर येई, आणि तो मोजता मोजता दिवस मावळे.

एखादा मानकरी वारला की त्याची बैठक आपोआप मुलाकडे जात नसे. त्या राज्याचे हे शहाणपण होते. सात घराण्यांतला कोणीही वंशज उमेदवार होऊ शके, आणि उरलेले मानकरी त्यांतून एकाला निवडत. उमेदवाराने तलावाचे पाणी ओंजळीत घ्यायचे आणि ते गळून जाईपर्यंत बोलायचे. त्याहून जास्त नाही. पाण्यात राबणारी माणसे मुळात कमी बोलत, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. मग प्रत्येक मानकरी आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या हातावर पानाचा विडा ठेवी. ज्याला जास्त विडे, त्याची बैठक.

वर्षे गेली. घराणी राजधानीत राहायला आली. पंधरवड्याची फेरी वर्षाची झाली, आणि शेवटी दसऱ्याला पालखीत बसून बांधावर हळदकुंकू वाहण्यापुरती उरली. तीन घराण्यांचे वंश संपले, त्यांच्या बैठका उचलल्या गेल्या. राहिल्या चार.

निवडणुकीची रीत मात्र सगळ्यांनी जपली. फरक एवढाच पडला, की उमेदवार आता बोटांच्या फटींत मेण भरून येऊ लागले. पाणी गळेना, म्हणून बोलणेही संपेना. ही लबाडी सगळ्यांना ठाऊक होती. पण बैठकीवरचा प्रत्येक जण मेण लावूनच तिथे पोहोचला होता, त्यामुळे कोणी काही बोलत नसे. मेण न लावणाराच अडाणी ठरे.

अशात चौघांपैकी सिदोजीराव वारले. उरले तिघे. त्या एका बैठकीसाठी सात जण उभे राहिले.

"उमेदवार सात आणि मत देणारे तीन!" दरबाराच्या पायरीवर बसलेला कासार म्हणाला. "नवरदेव जास्त, वऱ्हाडी कमी."

"आणि जेवणावळ आपल्या पैशानं," शेजारची भाजीवाली म्हणाली.

तिघांत सगळ्यांत वडील हैबतराव. सिदोजीराव त्यांचा धाकटा भाऊ. उमेदवारांत हैबतरावांचा नातू उदाजी होता, त्यामुळे त्यांच्या घरात निकालाची कोणाला शंका नव्हती. हैबतराव स्वतःही म्हणाले होते, "सिदूच्या जागेवर परका माणूस मला बघवणार नाही."

दुपारी दरबार भरला. पहिल्या पाच उमेदवारांनी आपापल्या घराण्याच्या पिढ्या मोजल्या. एक जण अकराव्या पिढीपर्यंत पोहोचला तेव्हा चिटणीसांचा डोळा लागला होता.

मग उदाजी उठला. रूप देखणे, आवाज भरदार, ओंजळ घट्ट. तो सिदोजीरावांबद्दल बोलला. त्यांची पगडी, त्यांची चाल, त्यांच्या एका शब्दासरशी शांत होणारी सभा. "त्या बैठकीकडे बघितलं की मला आजही काकाआजोबा दिसतात," तो म्हणाला. हैबतरावांचे डोळे भरून आले. ओंजळीतले पाणी जिथल्या तिथे होते.

शेवटचा उमेदवार सुभानजी. तोही मानकऱ्यांच्याच वंशातला, पण धाकट्या पातीचा. त्याचे घराणे राजधानीत आले तेव्हा त्याचा आजा बांधापाशीच राहिला होता. बांधातून पाणी सोडायला लाकडी फळीचा दरवाजा असतो, त्याला मोरी म्हणतात. ती उघडायची आणि बंद करायची, हे काम आता सुभानजी करी. त्याचे हात भेगाळलेले होते. बोटे एकमेकांना चिकटेनात. ओंजळ भरताक्षणीच पाण्याची धार लागली. सभेत हसू पिकले.

"मेण विसरलास काय रे?" मानकरी राघोजीरावांनी विचारले.

"मेण मोरीच्या फळीला लावलं, सरकार. तिथं गळत होतं." एवढ्यात अर्धे पाणी गेले. सुभानजी घाईने म्हणाला, "पूर्वेच्या टोकाला बांधाचा पायथा ओला लागतोय. पाणी दोन हात उतरवा, नाहीतर परतीच्या पावसात..."

ओंजळ रिकामी झाली.

"वेळ संपली," चिटणीस म्हणाले. सुभानजी वाक्य तसेच सोडून मागे सरला.

विडे द्यायची वेळ आली. मानकरी यमाजीरावांनी विडा उदाजीच्या हातावर ठेवला. "पोराचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. राघोजीरावांचे आणि हैबतरावांच्या घराचे कधी पटले नव्हते. त्यांनी विडा सुभानजीला दिला. "यानं लवकर संपवलं. माझं जेवण राहिलंय."

आता एकच विडा उरला. हैबतराव तो घेऊन उभे राहिले. समोर उदाजीने हात पुढे केलाच होता.

हैबतराव पाऊल टाकणार, तोच त्यांना सिदोजी आठवला. भाषणातला पगडीवाला नव्हे. चौदा वर्षांचा, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. तो बांधाच्या टोकावरून ओरडत होता, "दादा, इथं पाय गार पडला!" आणि हैबतराव त्याला चिडवत होते, "तुझे पायच गार, बेडका!" मग दोघांनी हसत हसत काठी रोवली होती. वडिलांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हाताची ऊब हैबतरावांना या क्षणी जशीच्या तशी जाणवली.

उदाजीच्या भाषणात सिदोजीची पगडी होती, चाल होती, आवाज होता. त्याचे चिखलाने माखलेले पाय कुठेच नव्हते. आणि आपण मात्र ते ऐकून रडलो, असे हैबतरावांच्या मनात आले.

"चिटणीस, विडा द्यायला वेळ किती असतो?" त्यांनी विचारले.

"सूर्यास्तापर्यंत, सरकार. पण इतका वेळ आजवर कोणी..."

"मग मी बांधावर जाऊन येतो." हैबतरावांनी विडा कनवटीला खोचला.

सभा चक्रावली. हैबतरावांची पालखी निघाली, मागून उदाजी, सुभानजी, चिटणीस आणि अर्धी राजधानी. बांधाच्या पायथ्याशी हैबतराव उतरले आणि त्यांनी जोडे काढले. मऊ पडलेल्या तळव्यांना खडे टोचू लागले. ते पश्चिमेकडून चालत निघाले. माती कोरडी होती. गवत कोरडे होते.

"आबा, पुरे झालं. लोक बघतायत," उदाजी खालच्या आवाजात म्हणाला.

हैबतराव चालत राहिले. पूर्वेच्या टोकाला आले आणि थांबले. पाय गार पडला होता. ते दोन पावले मागे गेले, पुन्हा पुढे आले. बोटांच्या मधून हळूच पाणी वर आले. गढूळ पाणी.

"स्वच्छ असतं तर मी एवढा घाबरलो नसतो," सुभानजी म्हणाला. "गढूळ आहे, म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघून चाललीय."

"कधीपासून?"

"नऊ दिवस झाले, सरकार. मी दोनदा अर्ज घेऊन आलो. दरबारात सांगितलं, तलावाची एक बैठक रिकामी आहे, भरली की बोला."

चिटणीस दुसरीकडे पाहू लागले.

"आणि तू उमेदवार झालास तो यासाठी?"

"अर्ज कोणी वाचेना. म्हटलं, उमेदवाराचं तरी ऐकावंच लागतं. ओंजळभर का होईना."

हैबतरावांनी खाली सात गावांकडे पाहिले. चुली पेटायची वेळ झाली होती. मग त्यांनी कनवटीचा विडा काढला आणि सुभानजीच्या भेगाळलेल्या हातावर ठेवला.

"आबा!" उदाजीचा चेहरा उतरला. "घरचा मान घराबाहेर दिलात?"

"मान घराबाहेर गेला त्याला तीस वर्षं झाली, राजा. आपण जोडे घालून उभे होतो, म्हणून कळलं नाही. आणि यात तुझ्याआधी चूक माझी. मी तुला काकाआजोबांच्या गोष्टी सांगितल्या, पण इथं कधी आणलं नाही."

चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "सुभानजीराव, सभेत चला. बैठकीवर बसायचा विधी व्हायचा आहे."

पण सुभानजी केव्हाच मोरीकडे धावला होता. त्या संध्याकाळी थोरल्या सभेत सनईवाले आले, हार आले, आणि ज्याची बैठक तो छातीभर पाण्यात उभा राहून मोरीचा दरवाजा उचलत होता.

तलाव दोन हात उतरला. सात गावांतली माणसे टोपल्या घेऊन आली. हैबतराव काठी टेकत अनवाणी फिरले आणि माती कुठे टाकायची ते दाखवत राहिले. कासार आला, भाजीवालीही आली. उदाजी पहिल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला, जोडे घालूनच, आणि आजोबांशी एक शब्द न बोलता त्याने टोपली उचलली.

पुढच्या सभेत हैबतराव बोलायला उठले. "यापुढे तलावाच्या बैठकीसाठी विडा आम्ही मानकऱ्यांनी द्यायचा नाही," ते म्हणाले. "बांधाखालच्या सात गावांनी द्यायचा. बांध फुटला तर वाहून जाणार ते. निवडायचा हक्कही त्यांचाच."

"पण सरकार, असं कुठं लिहिलेलं नाही," चिटणीस म्हणाले.

"मग आज लिहा."

यमाजीराव आणि राघोजीराव बराच वेळ कुरकुरले. पण सुभानजीने होकाराची मान डोलावली, धाकट्या सभेने टाळ्या वाजवल्या, आणि राजाने शिक्का उमटवला.

मग परतीचा पाऊस आला. अकरा दिवस तो थांबला नाही. डोंगर धुऊन निघाले, ओढे फुगले, तलाव काठोकाठ भरला.

आणि पुढे काय झाले? काहीच झाले नाही. सात गावांतल्या एकाही घरातली चूल विझली नाही. एकही गोठा रिकामा झाला नाही. करंजखोऱ्याच्या बखरीत त्या वर्षाबद्दल एकच ओळ सापडते: यंदा भात चांगले पिकले.

तात्पर्य: पूर्वजांची जागा त्यांच्या नावाच्या माणसाला नव्हे, त्यांचे काम करणाऱ्या माणसाला द्यावी; आणि तो माणूस कोण हे ठरवण्याचा हक्क, ते काम बिघडले तर ज्यांचे घर बुडते, त्यांचाच असावा.