सरकारांच्या चाऱ्याची टोपली

"पोरं बाहेर, घोडे आत! सोमवारच्या आत पागा रिकामी पाहिजे!"

काळंब्याच्या राजानं हुकूम सोडला आणि शहरातल्या बुरूडआळीत रडारड सुरू झाली. ती जुनी पागा आता नावालाच पागा होती. राजाच्या आईनं, हयात होती तेव्हा, ती आळीतल्या गरिबांना वापरायला दिली होती. बाया दिवसभर बांबू सोलायच्या, टोपल्या विणायच्या, दारोदार विकायच्या. तोवर अंबूताई त्यांची पोरं पागेत सांभाळायची, पेज भरवायची, बाराखडी शिकवायची. ऊन उतरलं की आयाच पाटी घेऊन बसायच्या. आता पागा गेली तर पोरं ठेवायची कुठं? पूर्वीसारखी खाटेच्या पायाला दोरीनं बांधून?

आणि हे सगळं कशापायी? तर आठ नवे घोडे! वाड्यामागं ढीगभर जागा मोकळी पडली होती. पण राजाला तीच पागा हवी. हट्ट, दुसरं काय!

अंबूताई बायांना घेऊन दरबारात गेली. हात जोडले.

"सरकार, पोरं शिकतायत. आयाही शिकतायत."

"शिकून काय दिवे लावले?" राजा गुरगुरला. "तिथं शिकून कुणी शहाणं झालंय का? दाखला आणा!"

"कसला दाखला, सरकार?"

राजानं मिशीवरून हात फिरवला. "सोमवारी भर दरबारात आमच्याच तोंडून तुमच्यातल्या एकीला शहाणी म्हणवून घ्या. जमलं तर पागा कायमची तुमची. नाही तर चालत्या व्हा!"

दिवाणजी मनात म्हणाला, संपलं! चाळीस वर्षांत राजानं कुणालाच शहाणं म्हटलं नव्हतं. दिवाणजीला नाही, राणीला तर नाहीच नाही. संस्थानात शहाणा एकच, आणि तो गादीवर बसलेला!

अंबूताई पागेच्या पायरीवर डोळे पुसत बसली. दारावर हुकुमाचा कागद डकवला होता. गोजरा नावाची एक बुरडीण कडेवर पोर घेऊन त्या कागदासमोर उभी राहिली. दोन वर्षं ती याच पागेत मागच्या रांगेत बसून अक्षरं गिरवत होती. तिनं बोट ठेवून ठेवून कागद वाचला. परत वाचला. आणि खो खो हसत सुटली.

"अगं बये, हसतेस काय?" अंबूताई चिडली.

"ताई, तुमी डोळं पुसा. मला एक टोपली इणायची हाय. चांगली मोठ्ठी!"

सोमवारी दरबार खचाखच भरला. राजा ओठ घट्ट मिटून बसला होता. गोजरानं भलीमोठी टोपली आणली आणि राजाच्या पायांपाशी ठेवली. टोपलीत हिरवंगार गवत!

"हे काय?" राजानं विचारलं.

"चारा, सरकार."

"घोड्यांना?"

"न्हाई, तुमास्नी!"

चिटणीसाच्या हातातली लेखणी खाली पडली.

गोजरानं दारावरून काढून आणलेला कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचला, "'सोमवारपासून पागेत घोडे बांधावेत. सरकार जातीने राहतील.' खाली सरकारांचा शिक्का! आता सरकार सोता पागेत राहायला येनार, मग नको व्हय सोय करायला? पन येक इचारायचं ऱ्हायलं. नुसत्या गवतावर भागंल, का संगं हरभरं भिजत घालू?"

राजानं कागद हिसकावला. 'जातीने हजर राहतील' असं लिहायचं होतं. त्यातलं 'हजर' चिटणीसानं खाल्लं होतं. दिवाणजीनं न वाचता पुढं सरकवलं, आणि राजानं न वाचता शिक्का हाणला. शिक्का मारायला वाचता कुठं यावं लागतं!

"आनि सरकार," गोजरा थांबेना, "गव्हाण मी मोजून आलीया. घोड्याला पुरती. तुमास्नी पोटाकडं जरा अडचन व्हईल."

"गप्प!" राजा ताडकन उठला. कानशिलं लाल झाली. "आमच्या चुका काढतेस? फार शहाणी झालीस गं तू!"

गोजरानं वाकून मुजरा केला.

"दाखला मिळाला, सरकार!"

दिवाणजीनं उपरण्यात तोंड खुपसलं, पण खांदे गदगदा हलतच होते. राजानं त्याच्याकडं पाहिलं, मग टोपलीकडं पाहिलं, आणि त्याला असं हसू फुटलं की पगडी सुटून थेट गवतात पडली!

"पागा तुमची!" तो डोळे पुसत म्हणाला. "कायमची! पोरांची पेज आजपासून आमच्या मुदपाकखान्यातून जाईल. आणि यापुढं या गोजरानं वाचल्याबिगर एकाही हुकुमावर आमचा शिक्का बसणार नाही. दिवाणजी, लिहून घ्या!"

दिवाणजीनं चिटणीसाकडं पाहिलं. चिटणीस खांबाआड सरकत होता.

"आणि ह्याचं काय करायचं, सरकार?"

राजा बोलायच्या आधीच गोजरा म्हणाली, "धाडा की पागेत! फुडच्या रांगेत बारक्या पोरांसंगं बसवू. फकस्त पाटी ज्याची त्यानं आनायची!"