हिंगणवेलच्या महाराजांचं अडलेलं कासव

महाराज उदाजीरावांच्या पोहण्याच्या तलावातलं कासव दोन दिवस जागचं हलत नव्हतं. कासव म्हणजे विलायतेहून आणलेलं यंत्र, परातीएवढं, पाठीला लांबलचक नळी. काठावरचा पंप सुरू झाला की नळीतून पाणी ओढलं जायचं आणि त्या ओढीनंच ते तळावर रांगत पालापाचोळा गिळत फिरायचं. आता ते एका कोपऱ्यात बसून नुसतं गुडगुडत होतं, आणि उद्या शेजारच्या संस्थानचे राजे खास तेच बघायला येणार होते.

तलाव राखायचं काम सखोबाकडे होतं. त्यानं नळी बोटानं चाचपली, कुठे चीर नव्हती. पंपाची जाळी धुतली. कासवाच्या तोंडात हात घालून जांभळाची पानं आणि दिवाणजींचा एक मोजा काढला. कासव ढिम्म! महाराजांनी बजावलं की संध्याकाळपर्यंत हे चालायला हवं, नाहीतर राजवाड्याच्या आवारातली खोली सोडून चालते व्हा. वर एक अट घातली, तलावात पाण्याचा एक थेंबही वाढवायचा नाही.

या अटीमागे महाराजांची मिशी होती. महाराजांना पोहता येत नव्हतं. ते तलावात नुसते उभे राहायचे आणि पोहलो म्हणायचे. परवाच पाणी मिशीला लागलं, मेण सुटलं आणि मिशीची दोन्ही टोकं हनुवटीवर लोंबली. अख्ख्या दरबारानं माना खाली घालून हसून घेतलं. मग महाराजांनी तलावातलं चार बोटं पाणी काढायला लावलं आणि भिंतीवर लाल रेघ मारून घेतली. तिच्यावर पाणी चढवायची कोणाची छाती नव्हती.

दुपारी सखोबाची लेक ठकू भाकरी घेऊन आली. शेतातल्या विहिरीवरची मोटर तीच चालवायची, त्यामुळे गुडगुड ऐकूनच ती थबकली. तलावाच्या भिंतीत पंपाचं पाणी ओढणारं तोंड होतं, ते तिनं वाकून पाहिलं. तोंड अर्धं पाण्याच्या वर उघडं पडलं होतं.

"आबा, कासव ठणठणीत हाय," ती म्हणाली. "पंप हवा वढतोय. विहिरीचं पाणी उतरलं की आपली मोटर अशीच गुडगुडती."

सखोबानं कपाळाला हात लावला. दुखणं कळलं, पण औषधाला बंदी होती.

ठकू तडक महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. थेंबभर पाणी न ओतता कासव चालवते, म्हणाली, फक्त घटकाभर दरबार उसना द्या. महाराजांना गंमत वाटली. त्यांनी चाळीसच्या चाळीस मानकरी तलावाच्या काठाशी बोलावले, आणि ठकूनं त्यांना पाण्यात उतरून गळ्यापर्यंत उभं राहायला सांगितलं. कोणी पडशाचं कारण पुढे केलं, कोणी नव्या अंगरख्याचं. महाराजांनी नुसत्या भुवया उंचावल्या आणि मंडळी धबाधब उतरली.

पाणी चढू लागलं. एकटे सरदार खंडेराव उतरले तेव्हाच ते चांगलं डुचमळलं. दिवाण विसाजीपंत पगडी सांभाळत शेवटी उतरले आणि भिंतीतलं तोंड पाण्याखाली गेलं. गुडगुड थांबली. कासवानं एक हिसका दिला आणि मानकऱ्यांच्या पायांमधून ते तुरुतुरु निघालं. जाता जाता त्यानं दिवाणजींच्या धोतराचा सोगा गिळला.

महाराज मात्र रेघेकडे बघत होते. "पाणी वर चढलंय, पोरी. आमचा हुकूम मोडलास."

"थेंब वतू नका, असा हुकूम होता सरकार. म्या पाणी न्हाई वतलं, माणसं वतली."

मानकरी हसायला लागले, पण महाराजांनी बघताच त्यांची तोंडं मिटली. महाराजांनी विचारलं, उद्या पाहुण्यांपुढे काय चाळीस माणसं भिजत घालू? आणि आम्ही पाण्यात उतरलो की मिशीचं काय?

"तळाला एक दगडी चौरंग ठिवा," ठकू म्हणाली. "तलाव भरून घ्या, आन् सरकारांनी चौरंगावर हुबं ऱ्हावं. एका मिशीपायी समदा तलाव खाली उतरवला, त्यापरीस एकट्या सरकारांना चार बोटं वर चढवायचं व्हतं!"

मग महाराजांच्या पोटातून हसू असं उसळलं की ते काठावरच बसले. खोली कायमची सखोबाला दिली, ठकूच्या विहिरीवर नवी कोरी मोटर बसवून देऊ म्हणाले, आणि हुकूम ताबडतोब लिहून घ्या, असं दिवाणजींना फर्मावलं.

"लिहितो सरकार," दिवाणजी पाण्यातूनच म्हणाले, "पण आधी पंप बंद करायला सांगा. अर्धं धोतर आत गेलंय."