सात टाके

समुद्रकाठच्या एका गावात एक म्हातारी राहत होती. तिने जन्मात कधी होडीत पाय ठेवला नव्हता, तरी गावात येणारा प्रत्येक मोठा मासा आधी तिच्या हाताशी अडकलेला असायचा. कारण गळाला आमिष शिवायचं काम तिचं होतं.

त्या गावाला तलवार माशाचं वेड. नाकाच्या पुढे हातभर लांब हाडाची तलवार, अंगाने रेडकाएवढा, आणि दिवसा राहायचा पार खोल, जिथे ऊन पोचत नाही. असा एक मासा मिळाला की खारवून, वाळवून सगळ्या गावाची पावसाळ्याची बेगमी व्हायची.

पण या माशाला एक खोड होती. आमिष दिसलं की तो आधी तोंड लावत नसे. आधी तलवारीचा सणसणीत फटका मारी, पुढे निघून जाई, मग सावकाश वळून येई आणि ते गिळी. त्यामुळे पहिला हिसका बसला की दोर ओढायचा नाही, उलट सैल सोडायचा आणि मनात एकवीस आकडे मोजायचे, असा नियम होता. फटका खाऊनही आमिष गळावर टिकलं, तर मासा आपला. नाहीतर एकवीस काय, एकवीसशे मोजा.

म्हणून शिवणीला महत्त्व. बांगडा मीठ चोळून घट्ट करायचा, गळ दगडावर घासायचा, अंगठ्याच्या नखावर टेकवून तो रुततो का बघायचं. मग गळ बांगड्याच्या पोटात लपवून दाभणाने सात टाके घालायचे, टाक्यागणिक एक गाठ. दोन डोक्यात, दोन कल्ल्यांपाशी, तीन पोटावर. वरून आपल्या खुणेचा दोरा गुंडाळायचा. म्हातारीचा दोरा हळदीत रंगवलेला, पिवळा.

होडी सुटायच्या आधी तिचा म्होरक्या, तांडेल, येऊन टोपली उचलायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "मावशे, टाके किती?"

"सात," म्हातारी म्हणायची.

संपलं. टाके उकलून बघायचे नाहीत, कारण उकललेलं आमिष वाया जातं. गावाचं सगळं त्या एका शब्दावर चालायचं, आणि चाळीस वर्षं नीट चाललं होतं.

खोल पाण्यात जाऊ शकेल अशी मोठी होडी गावात एकच होती. ती सगळ्यांची होती, तिचं सुकाणू मात्र एका तांडेलाच्या हाती असायचं. लागोपाठ तीन फेऱ्या रिकाम्या आल्या की सुकाणू दुसऱ्याकडे जायचं, ही जुनी रीत. त्या वर्षी पहिल्या फेरीत वारा फिरला. दुसऱ्या फेरीत मासाच फिरकला नाही. तांडेल भला माणूस होता आणि त्याला होडी चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, याची त्यालाही कल्पना होती. तिसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

सुकाणूवर डोळा होता पाटलाच्या भाच्याचा. हा भाचा किनाऱ्यावर फार छान होडी चालवायचा.

तिसऱ्या फेरीच्या सकाळी म्हातारी वीस गळ घेऊन बसली. आठ गळ शिवून झाले असतील, तोच शेजारच्या गावचा तांडेल आपली टोपली घेऊन दारात उभा राहिला.

"मावशी, तुमचं नाव ऐकून आलो. आमच्या गावात असा हात कुणाचा नाही. दहाच गळ आहेत."

म्हातारीने नको म्हणायला हवं होतं. तिला तसं वाटलंही. पण चाळीस वर्षं गावाने तिला फक्त "टाके किती" एवढंच विचारलं होतं, तुझा हात चांगला असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. कौतुकाला भुकेलेलं माणूस काय करील याचा नेम नाही. तिने टोपली घेतली.

आता भरती काही म्हातारीला विचारून येत नाही. पाण्याने होडीच्या तळाला हात लावला, खलाशी हाका मारू लागले, आणि आपल्या गावचे पाच गळ अजून उरलेले. म्हातारीने दाभण पळवलं. डोक्यात एक टाका, कल्ल्यांपाशी एक, पोटावर दोन. झाले चार. वरून पिवळा दोरा जरा जास्तच गुंडाळला. दिसायला ते पाच इतर पंधरांपेक्षाही देखणे दिसत होते.

तांडेल आला. टोपली उचलली. "मावशे, टाके किती?"

म्हातारीने क्षणभर दाभणाकडे पाहिलं. विसात पाच, आणि मासा नेमका त्यांनाच कशाला येईल, असा हिशेब तिने मनाशी केला.

"सात," ती म्हणाली.

होडी खोल पाण्यात गेली. दगडाचं वजन बांधून दोर खाली सोडले. दुपारी ऊन डोक्यावर असताना एका दोराला असा हिसका बसला की होडीची कड पाण्याला टेकली. खलाशी ओरडले, "ओढा, ओढा."

तांडेलाने ओढलं नाही. दोर सैल सोडला आणि मोजायला लागला. आकडा त्याने एकही गाळला नाही. खाली बांगड्याला सात टाके आहेत आणि ते टिकणार, हे त्याला उगवत्या सूर्याइतकं ठाऊक होतं. एकवीस झाले. त्याने ओढलं. दोर हलका आला, अगदी पिसासारखा. टोकाला नुसता गळ आणि पिवळ्या दोऱ्याची लोंबती गुंतवळ.

मासा पुन्हा आला नाही.

संध्याकाळी गाव किनाऱ्यावर जमला. होडी रिकामी होती. पाटलाचा भाचा म्हणाला, "हिसका बसल्यावर मोजत कसले बसता? हातात जोर नाही, दुसरं काय."

पंच बसले. तांडेल उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "चूक माझीच असणार. मी कमी मोजलं असेल, नाहीतर जास्त. मावशीच्या टाक्यात खोट नसते, म्हणजे खोट माझ्यातच आहे. सुकाणू घ्या."

रीतीप्रमाणे रिकामा गळ त्याने शिवणारणीला परत दिला. तिच्या तळहातावर ठेवला, तोही न बघता.

म्हातारीने तो उलटा करून पाहिला. दोऱ्याला गाठी चार होत्या.

हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गळ पदराखाली घेऊन ती घरी गेली असती, तर कुणी हटकलं नसतं. आणि बोलली तर काय होणार, हेही तिला पाठ होतं. टाक्यांबद्दल खोटं बोलणाऱ्याचं दाभण समुद्रात, ही सुकाणूच्या रीतीहून जुनी रीत. ते दाभण तिच्या आईचं होतं. मूठ झिजून तिच्या बोटांच्या आकाराची झाली होती. दाभण गेलं की तिच्यापाशी उरायची नुसती दोन म्हातारी बोटं.

ती दहा पावलं घराकडे चालली. मग थांबली. मागे तांडेल होडीतून आपली बसायची फळी काढत होता. ती त्याने आपल्या मापाने तासलेली होती, दुसऱ्याच्या उपयोगाची नव्हती, म्हणून घरी न्यायला काढत होता. म्हातारीला ते बघवलं नाही. ती वळली, पंचांपुढे गेली आणि गळ वाळूवर ठेवला.

"गाठी मोजा," ती म्हणाली.

पाटलाने मोजल्या. पुन्हा मोजल्या. "चार आहेत."

"चारच घातले होते. सात सांगितले. तो बरोबर मोजत होता."

एवढं बोलून तिने कमरेचं दाभण काढलं. कुणी काही सांगायच्या आत ती पाण्यात गुडघाभर गेली आणि ते तिने दूर फेकलं. फारसं दूर गेलं नाही, पण बुडायला तेवढं पुरेसं होतं. मग ओलं लुगडं सावरत ती घरी गेली आणि दार लावून रडली. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत गेलं, याचं तिला फार वाईट वाटलं. पण झोप मात्र शांत लागली.

ती फेरी पंचांनी धरली नाही, सुकाणू तांडेलाकडेच राहिलं. पुढच्या फेरीत दुसऱ्या बाईने शिवलेल्या गळाला मासा लागला. म्हातारीच्या वाट्याला कालवण आलं, तेही चवीने खाल्लं तिने.

महिनाभराने तांडेल तिच्या दारात आला. एका हातात वीस गळांची टोपली, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं सोडलं तर आत नवं दाभण. त्या माशाच्या तलवारीचं हाड तासून, घासून त्याने ते केलं होतं. जुनं दाभण समुद्रात जावं असं रीत सांगत होती. नवं घेऊ नये असं ती कुठे सांगत नव्हती.

"माझ्या हातावर विश्वास कोण ठेवील आता?" म्हातारीने विचारलं.

"हाताचं नंतर बघू. भरतीला अवकाश आहे. शिव."

ती शिवायला बसली. नवं दाभण बोटात नीट बसेना, डोळेही पूर्वीसारखे राहिले नव्हते. भरती आली तेव्हा तांडेल टोपली उचलायला आला आणि रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "मावशे, टाके किती?"

म्हातारीने गळ पुन्हा मोजले. टोपलीवरून एकदा हात फिरवला.

"अठरांना सात. दोनांना पाच. ते दोन वेगळे बांधलेत, त्यांना दोरा गुंडाळला नाही."

तांडेलाने ते दोन गळ काढून तिच्या पुढ्यात ठेवले. "हे उद्या पुरे कर," म्हणाला, आणि उरलेले अठरा घेऊन निघाला. टोपलीतला एकही टाका त्याने तेव्हाही उकलून पाहिला नाही.

पाटलाच्या भाच्याने हे ऐकलं तेव्हा तो हसला. दोन गळ कमी घेऊन कोण समुद्रावर जातं, म्हणाला. पण त्या दुपारी खोल पाण्यात हिसका बसला, तेव्हा तांडेलाने दोर सैल सोडला आणि एकवीसपर्यंत मोजलं, आणि या वेळी "ओढा" म्हणून कुणी ओरडलं नाही.

तात्पर्य: हात चुकला तर आपला एक टाका जातो. त्यावर खोटं बोललो तर त्या टाक्याच्या भरवशावर दोर सोडून बसलेला माणूस जातो.