चिकटेल ते बाहेर

कासारखेड गावात एक भोळा शेगडीवाला होता. लिंबाजी त्याचं नाव. भोळा म्हणजे किती भोळा? "जरा थांब" म्हटलं की उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवून थांबायचा. कामाला मात्र वाघ. म्हणून तर द्वारकाअक्काने त्याला आपल्या खानावळीत ठेवला होता.

अक्काने नवी शेगडी आणली होती. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी. गोळ्या कसल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्याच त्या! वरून ओतायच्या, खालून पंखा वारा घालायचा, की जाळ असा भडकायचा की बघत राहावं.

त्या आठवड्यात अक्काच्या जिवाला मोठा घोर होता. रविवारी तिच्या लेकीचा, चित्राचा साखरपुडा. स्थळ चांगलं, मुलगा चांगला, पोरीला पसंत. फक्त मुलाची आई हौसाबाई, तिच्या नाकावर माशी बसायची सोय नाही. एवढ्यातेवढ्यावरून तिचं बिनसलं तर?

बुधवारी लिंबाजीने पोतं उचललं आणि धडाधड शेगडीत रिकामं केलं. शेगडीने काळा धूर ओकला. पंखा खडखडला आणि बंद पडला. अक्काने राख उपसली, तर आत दोन खिळे, गुटख्याची पुडी, सुतळीचा गुंता आणि सुपारीएवढा खडा.

"अरे मेल्या, निवडून घालायला काय झालं? खडा दिसला की उचलायचा आणि फेकून द्यायचा!"

"बरं, अक्का."

गुरुवारी अक्का म्हणाली, "लिंबाजी, आमटीत मीठ टाक." लिंबाजीने मिठाची बरणी उघडली. बघतो तर सगळे खडेच खडे! त्याने एकेक उचलला आणि उकिरड्यावर फेकला. बरणी घासूनपुसून पालथी घातली. दुपारी गिऱ्हाईकं तोंडं वाकडी करून उठली.

"अरे, मीठ कुठंय?"

"मीठ नव्हतंच, अक्का. वाण्याने फसवलं तुम्हाला. बरणीभर खडे निघाले."

अक्काने कपाळावर हात मारला. "खडेमीठ होतं ते! जिभेवर ठेवून बघायचं आधी. चव घेतल्याशिवाय काही करायचं नाही!"

"बरं, अक्का."

शुक्रवारी नवं पोतं आलं. लिंबाजीने एक गोळी जिभेवर ठेवली. चव घेतली. शेगडीत टाकली. मग दुसरी. मग तिसरी. अकरा वाजले, जाळ नाही. बारा वाजले, तरी जाळ नाही. गिऱ्हाईकं ताटं वाजवायला लागली.

"लिंबाजी!"

"आँ?" त्याची जीभ भुशाने माखून थालीपीठासारखी झाली होती. "तीनशे चाखल्या, अक्का. सगळ्या लाकडाच्याच लागतात. एक तेवढी आंबट लागली. तो खिळा होता."

आता मात्र हसावं की रडावं, अक्काला कळेना. तिने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, दोरी ओवली आणि त्याच्या गळ्यात बांधलं. "खडे मी बघते. तू नुसतं हे मालावरून फिरव. चिकटेल ते बाहेर, उरेल ते आत. जिभेचं काम नाही, डोक्याचं तर नाहीच नाही. काय?"

"चिकटेल ते बाहेर, उरेल ते आत."

आणि काय सांगू, शनिवारी जमलं की हो! नऊ खिळे, तारेचा तुकडा, अर्धं ब्लेड, सगळं बाहेर. शेगडी दिवसभर झकास पेटली. "शहाणा रे माझा लिंबाजी!" अक्का म्हणाली. त्याला जन्मात कुणी शहाणा म्हटलं नव्हतं. त्याचे डोळेच भरून आले. चुंबक काही त्याने गळ्यातून काढलं नाही.

रविवार उजाडला. अंगणात मांडव, मांडवात पाहुणे, आणि पाहुण्यांच्या पुढे हौसाबाई. उंच, रुंद, आणि मनगटापासून कोपरापर्यंत सोनं. त्यांनी ताट पुढे केलं. ताटात चित्रासाठी साडी, नारळ, साखरेचा पुडा आणि अंगठीची डबी. अक्काने ताट लिंबाजीच्या हातात दिलं.

"एवढं आत नेऊन ठेव, बाबा. मुहूर्ताला लागायचंय."

"आत?"

"हो, आत."

लिंबाजी शेगडीपाशी गेला. शहाण्या माणसासारखं ताटावरून चुंबक फिरवलं. साडीची टाचणी टच्चकन चिकटली. ती बाहेर. डबीची स्प्रिंग चिकटली. डबी बाहेर. साडी चिकटेना. नारळ चिकटेना. साखर चिकटेना. अंगठी त्याने उलटीसुलटी करून पाहिली, पण सोनं कुठलं चिकटतंय! मग हे सगळं आत.

मांडवात गोड वास सुटला. "वा! पाक जमलाय," एक पाहुणा म्हणाला. तेवढ्यात आतला नारळ फुटला. धडाम्! राख उडाली, आणि करपलेलं खोबरं थेट भटजींच्या मांडीवर. सगळे धावले. लिंबाजी टाचणी आणि रिकामी डबी घेऊन उभा.

"निवडूनच घातलंय, अक्का. दोनच जिन्नस खराब निघाले."

अक्का मटकन खाली बसली. चित्राने तोंडात पदर कोंबला. हौसाबाई पुढे झाल्या. चिमटा घेतला, राख ढवळली आणि अंगठी काढली. काळी पडली होती, पण धड होती. आता ही बाई निघून जाणार, असं सगळ्यांच्याच मनात आलं.

हौसाबाईंचे खांदे हलले. मग पोट हललं. मग त्या खो खो हसायला लागल्या. "अहो, आमच्या ह्यांचं डोकं असंच आहे! तीस वर्षं संसार केलाय मी. साडी दुसरी घेऊ. पोरगी आमचीच!"

अक्काच्या जिवात जीव आला. डोळे पुसू की पाहुण्यांचं बघू, असं तिला झालं. "लिंबाजी, अरे उभा काय राहिलास? विहीणबाईंना आत ने!"

"बरं, अक्का."

लिंबाजीने चुंबक काढलं. हौसाबाईंच्या बांगड्यांवरून फिरवलं, पाटल्यांवरून फिरवलं, नथीवरून फिरवलं. कुठेच चिकटेना. मग त्याने एकदा हौसाबाईंकडे पाहिलं, एकदा शेगडीकडे पाहिलं, आणि फार वाईट वाटून म्हणाला,

"मावायच्या नाहीत, अक्का. शेगडीचं तोंड लहान आहे."