बाजेवरून निवडलेला काचपट

फार जुन्या काळची गोष्ट आहे. त्या काळी एका राज्यात काचपट नावाची वस्तू मिळत असे. काचपट म्हणजे भिंतीवर टांगायची मोठी काच. तिच्यासमोर बसून राज्यातल्या कुठल्याही ठिकाणाचं नाव घ्यायचं, की तिथे त्या घडीला जे चाललं असेल ते काचेत दिसू लागे. घाट म्हणा, घाट दिसे. जत्रा म्हणा, जत्रा दिसे. हसू नका. तुमच्या घरात भिंतीवर काय टांगलंय ते मला ठाऊक आहे.

त्या राज्यातल्या एका गावात सगुणा नावाची सून राहत होती. घरात तिचा नवरा रखमाजी आणि म्हातारे सासरे, एवढीच माणसं. सासऱ्यांनी उभा जन्म गावामागच्या डोंगरावर, टेहळणीच्या बुरुजात काढला होता. वणवा असो, पूर असो, दरोडेखोर असोत, आधी त्यांच्या नजरेला पडायचं आणि लगेच त्यांचं शिंग वाजायचं. त्या शिंगाच्या भरवशावर सारं खोरं निर्धास्त असे.

पण म्हातारपणी त्यांची कंबर गेली. लोकांनी त्यांना पाठीवर घालून खाली आणलं आणि माजघरात बाजेवर निजवलं. बुरुज ओस पडला. कूस बदलली की कळ मस्तकात जायची, म्हणून ते सदा डाव्या कुशीवर. समोर धान्याच्या कणग्या. कोसांवरचा धूर ओळखणारी ती नजर आता हातभर अंतरावर कणगीला जाऊन अडत होती. आधी त्यांनी बोलणं सोडलं, मग जेवण कमी केलं. शेवटी तर पेजेची वाटी तशीच परत येऊ लागली.

वैद्यबुवा आले, नाडी पाहिली आणि बाहेर येऊन सगुणेला म्हणाले, "पोरी, यांच्या पोटाला काही झालेलं नाही. यांच्या डोळ्यांची उपासमार चालली आहे. त्यावर माझ्या बटव्यात औषध नाही."

सगुणेला तो बुरुज आठवला. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा बुरुजावरून मामंजींनीच तिला तिच्या माहेरचं झाड बोटानं दाखवलं होतं. "वाटलं की इथं यायचं आणि बघून जायचं," असं म्हणाले होते. ते ती विसरली नव्हती.

ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजा गुणग्राही होता. त्यानं हुकूम काढला की, या पहारेकऱ्याच्या घरी एक काचपट द्यावा. राजधानीच्या बाजारातला कुठलाही पसंत करावा, मोल राजवाडा देईल. मात्र बाजाराचा नियम राजालाही लागू होता. काचपटाला कुंकू लावून नारळ फोडला, की तो आपला. मग तो बदलून मिळायचा नाही.

गावात एकच गलका उडाला. "पाटलांपेक्षा मोठा आणा रे!" जो तो रखमाजीला सांगू लागला. पाटलांचा काचपट एवढा मोठा होता, की तो आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. तो ओसरीवर टांगला होता आणि रोज संध्याकाळी निम्मं गाव तिथे जत्रा बघत बसे. पाटलांची म्हातारी आई मात्र तिच्या नेहमीच्या जागी, खांबाच्या आड बसे. तिला काय दिसतं, हे कुणी विचारलं नव्हतं. ती इतरांच्या हसण्यावर हसायची.

रखमाजी मनानं चांगला होता, पण चारचौघांत मिरवायची हौस त्याला होतीच. नवराबायको बाजारात पोचली, तेव्हा त्याचे डोळे दिपूनच गेले. दुकान चारी बाजूंनी उघडं, लख्ख ऊन आत आलेलं, आणि ओळीनं टांगलेल्या साऱ्या काचपटांत एकच देखावा. भर दुपारची जत्रा! लाल फेटे, हिरवी लुगडी, पिवळे झेंडे. गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी होती.

"हा पाहा!" शेटजींनी सगळ्यांत मोठ्या काचपटावर थाप मारली. "याच्यापुढे सूर्यही फिका. तुमच्या पाटलांनी इथूनच नेला, त्याच्यापेक्षा वीतभर मोठा आहे. गावात तुमचं नाक वर राहील."

झालं. नाकाची गोष्ट निघाल्यावर रखमाजीला दुसरं काय ऐकू येणार? त्यानं मान डोलावली. शेटजींनी कुंकवाचा करंडा उघडला. नोकरानं नारळ उचलला.

सगुणा मागे उभी राहून बघत होती. काचपट सुंदर होता, यात शंका नव्हती. पण तिच्या मनात एकच विचार घोळत होता. इथे सगळे उभे राहून बघताहेत, सगळे समोरून बघताहेत आणि सगळे उन्हात बघताहेत. आमचे मामंजी आडवे आहेत, आणि आमच्या माजघरात मोकळी भिंत आहे ती पायांकडे, तिरकी. उजेड म्हणाल तर एका झरोक्याचा.

तिनं पदर खोचला आणि भर दुकानात, फरशीवर, डाव्या कुशीवर आडवी झाली.

लोक थक्क झाले. मग हशा पिकला. रखमाजीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "अगं ऊठ! लोक बघताहेत!"

"लोकांना बघू द्या," सगुणा खालूनच म्हणाली. "शेटजी, तो नारळ जरा थांबवा. इथून मला जत्रा दिसतच नाही. नुसतं पांढरं धुकं दिसतंय."

ती उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, "पण डोळे माझे नि बघायचं त्यांना, असं कसं चालेल? ज्यांच्यासाठी घ्यायचा, त्यांनाच घेऊन येते."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं खरोखरच ते केलं! मामंजींना बाजेवरून हलवायचं नव्हतं, म्हणून तिनं बाजच उचलून न्यायची ठरवली. चार धट्टेकट्टे शेजारी खांद्यावर बाज घेऊन निघाले. रखमाजी ओशाळून खाली मान घालून चालत होता आणि सगुणा पुढे वाट मोकळी करत होती.

बाजारात ही मिरवणूक शिरली मात्र, गलबला एकदम थांबला. चौघांच्या खांद्यावर आडवा माणूस! दुकानदारांनी पागोटी काढली. बायकांनी हात जोडले. एका सज्जनानं तर पुढे होऊन बाजेवर तुळशीचं पान ठेवलं आणि हळहळून म्हणाला, "सुटला बिचारा."

बाजेवरून आवाज आला, "अरे, कोण सुटला? जिता आहे मी!"

तो सज्जन उडालाच. कितीतरी दिवसांत मामंजी पहिल्यांदा बोलले होते. सगुणेला हसू आणि रडू एकदमच आलं.

दुकानात तिनं बाज ठेवून घेतली. घरून आणलेली दोरी काढली. बाजेपासून भिंतीपर्यंतचं अंतर ती दोरीनं मोजून आली होती, तेवढ्याच अंतरावर तिनं बाज सरकवली. तिरकीही तशीच. मग शेटजींना म्हणाली, "आता कनाती सोडा. आमच्या घरी एवढं ऊन नाही. एकच फट ठेवा."

शेटजी मनात वैतागले, पण राजाचं गिऱ्हाईक होतं. कनाती सुटल्या. दुकानात माजघरासारखा उजेड झाला.

"आणि जत्रा नको. आमच्या गावामागचा, मावळतीच्या वेळचा डोंगर दाखवा. आता दिवस कलतोच आहे."

"डोंगर?" शेटजी गोंधळले. "बाई, डोंगर कुणी मागत नाही."

"आमचे मामंजी मागतात," सगुणा म्हणाली.

सगळ्यांत मोठ्या काचपटात डोंगर आला. पण कसा? राखेत बुडवल्यासारखा. कडा कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते, कळेना. मामंजींनी डोळे मिटून घेतले. दुसरा काचपट फार गुळगुळीत होता. त्यात कनातीच्या फटीतला उजेड चमकला आणि मामंजींना डोंगराऐवजी बाजेवरचं आपलंच तोंड दिसलं. "हे तोंड मी ओळखतो. पुढचा दाखवा," ते पुटपुटले. असे एकामागून एक झाले. कुणात रंग उडाले, कुणात उतार सपाट झाला.

शेटजींनी हात टेकले. "एकच उरलाय. पण तो मी कोपऱ्यात ठेवला आहे. मधल्या मापाचा आहे आणि उन्हात काळसर दिसतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून बघत नाही."

तो टांगला गेला. डोंगराचं नाव घेतलं. आणि मंडळी, काय सांगू! अंधार अंधारासारखा काळा आणि उजेड उजेडासारखा. डोंगराची एकेक घडी निराळी. बाजेवरून, खालून, तिरकं पाहिलं तरी तसाच.

मामंजी कोपरावर उठले. कळ आली असणार, पण त्यांना तिची शुद्ध नव्हती. "ही सोंड... ही खालची घळ... तो माझा बुरुज. अरे, बुरुजावरचा पिंपळ केवढा वाढला!" त्यांच्या सुरकुत्यांतून पाणी वाहू लागलं. मग सुनेकडे वळून ते म्हणाले, "पोरी, भूक लागली गं."

सगुणेनं स्वतःच कुंकू लावलं आणि नारळ रखमाजीच्या हातात दिला. त्यानं तो एका दणक्यात फोडला.

गावात मात्र थट्टा झाली. "राजाच्या खजिन्यातून आणला नि एवढासाच?" पाटील मिशीत हसले. रखमाजी तिथून काढता पाय घेई. पण घरी आल्यावर म्हातारा भाकरी कुस्करून खाताना दिसायचा, तेव्हा त्याला त्या हसण्याचं फारसं काही वाटेनासं झालं.

मामंजी रोज सांजेला डोंगर बघत. ती त्यांची जुनी पहाऱ्याची वेळ. डोंगराच्या उतारावर, गावातून दिसत नसे अशा बाजूला, पाटलांच्या गुरांचा वाडा होता आणि त्याला लागून गुराख्यांच्या झोपड्या, बायकापोरांसकट. गवत वाळून सोन्यासारखं झालं होतं.

एका सांजेला मामंजी अचानक ओरडले, "घळीत विस्तव आहे! ती चूल नव्हे. चुलीचा विस्तव एका जागी राहतो, हा सरकतोय. वारा वर चाललाय. झोपड्या जातील!"

रखमाजी धावत पाटलांच्या ओसरीवर गेला. पाटलांनी जत्रा थांबवून डोंगराचं नाव घेतलं. भल्यामोठ्या काचेत राखट डोंगर पसरला. साऱ्या गावानं डोळे ताणून पाहिलं.

"कुठे आहे विस्तव?" पाटील म्हणाले. "म्हाताऱ्याला भास झाला असेल. बस, जत्रा बघ."

रखमाजीनं पाहिलं. त्यालाही काही दिसलं नाही. पण त्याला दुकानातला तो राखेत बुडालेला डोंगर आठवला, आणि बापाचे मिटलेले डोळेही आठवले. तो तसाच घराकडे पळाला, खुंटीवरचं शिंग काढलं आणि अंगणात उभं राहून छाती फुटेस्तोवर फुंकलं.

किती वर्षांनी ते शिंग वाजलं होतं! जुन्या माणसांनी हातातलं काम टाकलं. त्या आवाजाला कुणी प्रश्न विचारत नसे. बघता बघता गडी कोयते आणि ओल्या फांद्या घेऊन डोंगराकडे धावले. झोपड्यांतली पोरंबाळं खाली आणली, गुरं सोडली, गवताचा पट्टा कापून आगीची वाट तोडली. वणवा त्या पट्ट्याशी आला, फणफणला आणि विझला. पाटलांच्या काचपटात लाल ठिपका दिसू लागला, तेव्हा शेवटचं वासरू उताराच्या खाली आलं होतं.

एकही माणूस गेला नाही. एकही जनावर गेलं नाही. गडी खाली आले ते आरोळ्या देत, नाचतच. त्यांनी मामंजींची बाज खांद्यावर घेतली आणि गावभर मिरवली. बाजेमागून रखमाजी चालत होता, आता मान ताठ करून. येईल त्याला सांगत होता, "काचपट आमच्या हिनं निवडलाय!"

राजानं पहारेकऱ्याचा मान मामंजींना पुन्हा बहाल केला. बुरुज बाजेवर आला, एवढाच काय तो फरक.

वणव्याच्या दुसऱ्या सकाळीच पाटील आले होते. मिशी खाली होती. ते बाजेशेजारी जमिनीवर बसले, मान तिरकी करून काचपटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगुणाबाई, माझी आई रोज खांबाआड बसते. तिला काय दिसतं, ते मी कधी विचारलंच नाही."

"मग आज विचारा की," सगुणा म्हणाली.

पुढच्या बाजाराला राजधानीच्या रस्त्यावर एक बाज निघाली. पुढचा खांदा खुद्द पाटलांचा होता आणि वर त्यांची आई ऐटीत बसली होती. तिच्यामागून आणखी एक बाज. मग एक पाट, त्यावर पांगळं पोर. मग एक आरामखुर्ची. शेटजींनी दुकानाला कायमच्या कनाती लावल्या आणि काळसर काचपट कोपऱ्यातून काढून दारात टांगला.

आजही म्हणे त्या बाजारात चौघांच्या खांद्यावर बाज दिसली, की कुणी पागोटं काढत नाही. लोक हसून वाट देतात आणि विचारतात, "काय आजी, काचपट बघायला का?"

तात्पर्य: घरासाठी वस्तू निवडायची, तर ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या जागेवरून ती पाहावी.