चिगुसा राणीच्या रेशीमवशाची कहाणी

ऐका रेशीममाते, तुझी कहाणी. पूर्वेच्या समुद्रात, जपान देशी, आटपाट बेट होतं. तिथं एक राजा होता, आईबापांना एकुलता एक. थोरामोठ्यांनी सोयरीक जुळवली, सरदाराची लेक चिगुसा त्याची राणी झाली. लग्नाआधी तिनं राजाचं तोंड पाहिलं नव्हतं. मग जीव जडला, तो फारच जडला.

सासरी निघताना आईनं वसा दिला. "आई, आई, हा वसा कसा वसावा?" "रेशमाचे किडे पाळावे. रोज आपल्या हातानं तुतीचा पाला घालावा. धूप-अत्तर लावून जवळ जाऊ नये, किडा वासानं अन्न सोडतो. उद्यापनाला पहिलं वस्त्र घरच्या धाकट्या सुनेला नेसवावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." चिगुसा मनात हसली. एकुलत्याच्या घरी धाकटी सून यायची कुठून? पण वसा घेतला, सासरी किडे पाळू लागली.

मग काय झालं? प्रधानांनी राजाला दुसरी राणी आणली. तिचं नाव तोवाको. तिच्या बाह्यांना चंदनाच्या धुपाचा वास. ती एका दालनात, वास साऱ्या राजवाड्यात! राजाची पावलं तिकडे वळली. चिगुसेच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या दिवशी दासीवर खेकसली. दुसऱ्या दिवशी भरल्या ताटावरून उठली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धूप काय तिच्या बापाचा आहे?" सारी वस्त्रं धुपवली, अंगावर घातली, तशीच पाला घालायला गेली.

किड्यांनी माना वर केल्या, पानाला तोंड लावीनात. बघता बघता निम्मे मेले.

"सवतीचीच दृष्ट!" म्हणत ती तोवाकोच्या दालनी गेली. पाहते तो सवत रडते आहे. "तुला गं रडायला काय झालं? राजा तर तुझ्याच दारी!"

तोवाको म्हणाली, "बाई, येतात, बसतात, आणि तुमच्याच किड्यांचं सांगतात. पाला खाताना सरसर पाऊस वाजतो म्हणे. मी रोज नवा धूप घालते, ते म्हणतात, तिच्या हाताला पाल्याचा वास येतो. मला तुमचा फार राग येतो."

चिगुसेनं आपली बाही हुंगली. चूक कळली. धावत गेली, न्हाली, साधं नेसली. "माते, चुकले," म्हणाली, ताजा पाला घातला. उरलेले किडे खाऊ लागले.

मग रेशीम निघालं, थोडंच निघालं. वस्त्र झालं एकच. आता धाकटी सून कोण? सवतच! चिगुसेनं घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. छाती जळत होती. जळत जळतच गेली, सवतीला नेसवून आली.

दुसऱ्या दिवशी तोवाको अंगाचा धूप धुऊन, पाल्याची टोपली घेऊन दारात उभी. "बाई, मीही वसा घेते." चिगुसेनं नाक मुरडलं आणि जागा दिली.

सांजेला राजा आला. या दालनात राणी नाही, त्या दालनात राणी नाही. दोघी किड्यांपाशी. "मी कुठं बसू?" म्हणाला. दोघी म्हणाल्या, "बसू नका, पाला आणा." राजानं पाला आणला.

मत्सर गेला का? थोडा राहिला. पण किडे जगले, घर जगलं. त्यांच्या पोटातली आग जशी पाल्याखाली निवली, तशी तुमची आमची निवो. ही साठां धाग्यांची कहाणी पांचां धाग्यांत सुफळ संपूर्ण.